इंजिन रडवायचं नाही

बाबा,

मी गाडी घेतली. रिटायर झाल्यावर, स्वतःच्या पैशांनी, पांढरी, छोटीशी, पेट्रोलवर चालणारी. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे बातमी जरा उशिराच पोचवतेय. पण तुम्ही असतात तर आधी गाडीभोवती एक फेरी मारली असती, टायरला लाथ घातली असती आणि मग "पेट्रोल कशाला घेतलीस?" असं विचारलं असतं, म्हणून मी थोडी थांबले होते. आता मात्र सांगण्यासारखं घडलंय. वाघोबाच्या घाटात माझी गाडी बंद पडली. एकदा नाही, एकाच चढावर तीनदा. मागच्या सीटवर आई होती आणि शेजारी तुमचे चिरंजीव होते. आणि तीनही वेळा मी अगदी तुम्ही शिकवलंत तशीच गाडी चालवत होते, हे मला तुम्हाला जरा ऐकवायचंच आहे.

तुमच्या त्या बर्फवाल्या मित्राची डिझेल जीप आठवते? रविवारी तुमची सुट्टी असायची आणि त्याच्या जीपचीही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजला जाणारी, आणि काचेतून रस्ता नीट दिसावा म्हणून आईनं शिवलेल्या उशीवर बसलेली. माकुणसारच्या मिठागरांमधला तो सरळ बांध, दोन्ही बाजूंना पाणी, आणि तुम्ही शेजारी एक पाय बाहेर काढून बसलेले, म्हणजे वेळ आली तर उडी मारायला बरं. "पहिला गेर विसरून जा," तुम्ही सांगता. "तो रुतलेल्या गाडीसाठी. आपण दुसऱ्यात उचलायचं. क्लच हळू सोड. रेसला पाय लावू नको. लावू नको सांगतो ना!" मी क्लच सोडते, आणि रेसला अजिबात पाय न लावता ती धूड जीप आपली आपण चालायला लागते. "बग," तुम्ही म्हणता, "याला म्हणतात ओढ." मग लगेच तिसरा, लगेच चौथा. सायकलवाला आपल्याला मागे टाकून जातोय आणि आपण टॉप गिअरमध्ये आहोत, इतकं ते सगळं संथ. आणि जीप तक्रार करत नव्हती, हे खरं.

एकदा मात्र माझा पाय चुकून रेसवर जोरात पडला. जीप किंचाळली. तुम्ही डॅशबोर्डवर थाड्‌कन हात मारलात आणि ओरडलात, "रडवतेस कशाला तिला? ती काय तुझी सून हाय?" एकोणीस वर्षांच्या मुलीला सून कुठून आणणार! मला हसू आवरेना, स्टीअरिंग आवरेना, आणि पुढचं डावं चाक बांधावरून खाली मिठागरात उतरलं. मिठावर काम करणाऱ्या चार बायकांनी येऊन जीप उचलून दिली. त्याही हसत होत्या. तुम्ही नाही हसलात. घरी जाईपर्यंत तुम्ही एवढंच बोललात की इंजिन रडवायचं नाही, ओढीवर घ्यायचं. ते वाक्य माझ्या तळपायात जाऊन बसलं ते बसलंच.

तुमच्या बसमध्येही तेच. कारखान्याची ती शिफ्टची बस तुम्ही सफाळ्याहून काढायचात आणि पालघर करत बोईसरच्या एमआयडीसीत न्यायचात. मला पालघरला कॉलेजपाशी सोडायचात. पहिल्या शिफ्टची माणसं चढायची, आणि मी ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर, इंजिनाच्या त्या गरम पेटीला गुडघे लावून बसलेली असायचे. पेटीवर तुमचा चहाचा स्टीलचा पेला. अर्धा भरलेला. तुम्ही गिअर टाकायचात आणि पेल्यातला चहा हलायचासुद्धा नाही. तुम्ही मला सांगायचात की गाडीचे गुण दोन, ओढ आणि धाव. धाव लोकांना दिसते, ओढ ड्रायव्हरला कळते. लोक घोडे मोजतात, किती हॉर्सपॉवर म्हणून, पण भरलेली बस जागची हलवायला घोडे उपयोगाला येत नाहीत, ओढ येते. मी पुढे पंचवीसएक वर्षं पालघरच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आणि टॉर्कचा धडा आला की फळ्यावर सूत्र लिहायच्या आधी तुमचे हे दोन शब्द लिहायचे. टॉर्क म्हणजे ओढ. ती ओढ किती झटपट कामाला लागते, ती पॉवर. मुलांना ते सूत्रापेक्षा आधी कळायचं. नोकरीभर मी तुमच्या नावावर शाबासकी खाल्ली.

शोरूममध्येही मी हाच तोरा मिरवला. तिथला टायवाला मुलगा मला गाडीचे घोडे सांगायला लागला, तर मी त्याला विचारलं, "टॉर्क किती? आणि किती आरपीएमला?" त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आत जाऊन कागद घेऊन आला. टॉर्कच्या आकड्यावर मी नुसती नजर टाकली; घोडे म्हणाल तर तुमच्या मित्राच्या जीपएवढेच, थोडे जास्तच. मी समाधानानं मान डोलावली आणि सही केली. नातेवाइकांनी सांगितलं, मधे इतकी वर्षं हातात गाडी नव्हती, ड्रायव्हिंग स्कूलला पंधरा दिवस जा. मी म्हटलं, "माझे बाबा ड्रायव्हर होते, मी काय स्कूलला जाऊ?" आणि पालघर ते माकुणसार, पालघर ते बोईसर, सपाट रस्त्यावरून मी तुमच्या पद्धतीनं फिरायला लागले. दुसऱ्यात उचलायची, तीसच्या आत चौथा. गाडी थोडी थरथरायची, कुरकुरायची. मला वाटायचं, नवी आहे, सवय होईल.

आता घाटाचं. तुमची मोठी मेव्हणी, माझी मावशी, गेल्या पावसाळ्यानंतर अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती मनोरच्या बाजूला, आईच्या माहेरच्या त्याच घरात, खाटेवर आहे. आई माकुणसारला आपल्या घरात एकटीच राहते, कुणाकडे जाऊन राहायला तयार नाही. तिला फक्त एकच पाहिजे असतं, बहिणीला भेटायचंय. एसटीच्या पायऱ्या तिला आता चढवत नाहीत, गुडघे गेलेत. मी गाडी घेतली त्याच दिवशी तिनं ठरवून टाकलं, दर गुरुवारी. मी रिकामीच, गाडी दारात, अडचण काय? अडचण एवढीच की माकुणसारहून मनोरला कुठूनही जा, मध्ये डोंगर आहेच. पहिल्या गुरुवारी तुमचे चिरंजीवही बोईसरहून रजा टाकून आले, मावशीला बघायला. खरं तर माझं ड्रायव्हिंग बघायला.

चढ लागला तेव्हा मी तिसऱ्यात होते. पुढे खडी भरलेला ट्रक, गोगलगायीसारखा. गाडीला गचके बसायला लागले. मी दुसरा टाकला, रेस अर्थातच नाही. ट्रक थांबला, मी थांबले. ट्रक निघाला, मी दुसऱ्यात क्लच सोडला आणि गाडी बंद. मागून हॉर्न. पुन्हा चावी, पुन्हा दुसरा, पुन्हा बंद. "पहिला टाक!" तुमचे चिरंजीव ओरडले. "गाडी रुतलेली नाहीये!" मी ओरडले. मागून आई शांतपणे म्हणाली, "वाघोबाला हात जोडलेस का?" नव्हते जोडले. वाघोबाचं देऊळ पुढच्या वळणावर. मी स्टीअरिंग सोडून तिथूनच हात जोडले, नाइलाजानं पहिला टाकला, पण रेसला पाय काही लागेना, आणि गाडी तिसऱ्यांदा बंद. वाघोबापण म्हणाला असेल, अगं बाय, मी वाघ हाय, मेकॅनिक नाय. मागे एसटी येऊन उभी राहिली, तिच्यातून दोन बाप्ये उतरून माझ्या काचेत डोकावले, आणि त्यातला एक तुमच्या चिरंजीवांना म्हणाला, "दादा, तुमी बसा ना." बसले. पहिला गिअर, रेस पार दाबलेली, इंजिन जीव खाऊन ओरडतंय, आणि गाडी सरसर वर. मी डाव्या सीटवर कानावर हात ठेवून बसले होते. लाज वाटली, बाबा. खूप लाज वाटली. त्याहून राग आला, कारण तो बोईसरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलाय. तुम्ही त्याला चार रविवार शिकवून "हा रडवतोच" म्हणून सोडून दिलं होतंत, आणि तोच वर पोचला.

येताना त्यानं निकाल दिला. "ताई, तू फिजिक्सची बाई ना? आणि तुला घाटात गाडी उचलता येत नाही. आईला असल्या गाडीत बसवायचं नाही. मागे घसरली असती तर? मी महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी नेत जाईन. तू गाडी विक, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे." महिन्या-दोन महिन्यांनी! मावशीचं वय एक्क्याऐंशी. आई मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होती. निघताना मावशीनं तिचा हात धरून विचारलं होतं, "गुरवारी येतेस ना?" आणि आईनं "येते" असं सांगून टाकलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी गाडी बोईसरला एका मेकॅनिककडे नेली. माझी खात्री होती की दोष गाडीत आहे. क्लचप्लेट असेल, पेट्रोल नीट पोचत नसेल. तो उत्तरेकडचा, पन्नाशीचा, पान खाणारा माणूस. त्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं, मला शेजारी बसवलं आणि गाडी रेल्वेच्या उड्डाणपुलावर घातली. अर्ध्या चढावर थांबवली. रिक्षा आजूबाजूनं शिव्या देत जातायत, याचं सगळं निवांत. "मैडम, गाड़ी में कुछ नहीं है. आप छोटी गाड़ी को ट्रक के माफिक चलाते हो." मग पहिला टाकला, रेस दिली, आरपीएमचा काटा तीन हजारांच्या वर गेला आणि गाडी उचलली. आवाज ऐकून माझे दात शिवशिवले. मी म्हटलं, "भैया, रो रही है!" त्यानं खिडकीतून पिंक टाकली आणि म्हणाला, "रो नहीं रही, मैडम. काम कर रही है. काम करेगी तो आवाज़ आएगा ना."

तुम्हाला पटणार नाही म्हणून नीट सांगते. तुमच्या डिझेलची ओढ खाली ठेवलेली असायची, चुलीपाशी, हात पुढे केला की हातात. इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेरे मारत असलं तरी ओढ पुरी. म्हणून दुसऱ्यात उचललेलं चालायचं, सायकलच्या वेगाला चौथा चालायचा. माझ्या गाडीची ओढ माळ्यावर ठेवलीय. साडेतीन हजार फेऱ्यांच्या माळ्यावर. रेस दाबल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. आणि पोचला तरी ती मुळात थोडी, तुमच्या जीपच्या निम्म्यापेक्षा जरा जास्त. तेवढ्यावर घाट चढायचा तर इंजिन आणि चाकाच्या मध्ये पहिला गिअर पाहिजे, म्हणजे इंजिनाचे फेरे जास्त आणि चाकाचे कमी, आणि चाकाला मिळणारी ओढ कितीतरी पट. घोडे दोघांचे सारखेच. पण तुमचे घोडे थोडे फेरे मारून जोरात ओढणारे, माझे भराभर फेरे मारून थोडं थोडं ओढणारे. सपाटीवर हा फरक कळत नाही, कारण तिथं कुणालाच फारसं ओढावं लागत नाही. हे सगळं मी फळ्यावर हजारदा लिहिलंय. पण कळतं पण वळत नाही म्हणतात ना, तसं माझ्या पायाचं झालं. पुढचे तीन दिवस मी त्या पुलावर जाऊन सराव केला. काटा दोन हजारांवर गेला की पाय आपोआप उचलला जायचा. मेकॅनिक पुलालगतच्या त्याच्या दुकानातून ओरडायचा, "दबाओ, मैडम, दबाओ!" त्याच्या दुकानाशेजारचा चहावालासुद्धा ओरडायला लागला. बोईसरमध्ये माझी बरीच ओळख झाली.

बुधवारी मी माकुणसारला गेले ते आईला सांगायला, की उद्या नको. आई ओट्याशी बसून भिजवलेले वाल सोलत होती. मावशीला बिरडं न्यायचं म्हणून. टोपलीभर साली आणि अर्धं पातेलं पांढरंशुभ्र बिरडं. मला सांगवेना. मीही सोलायला बसले.

"तू घाबरतेस कशाला?" तीच म्हणाली.

"घाबरत नाही गं. रेस दिली की बाबांचा आवाज येतो. रडवू नको म्हणतात."

आई हसायला लागली. इतकी हसली की वाल हातातून सुटून ओट्याखाली गेला. "अगं बाय, ते काय इंजिनासाठी बोलायचे? बसमदे रातपाळीची माणसं झोपलेली असायची ना. बारा-बारा तास उबी राहिलेली. सकाळी घरी येताना बसमदे डोळा लागायचा, तेवडीच झोप. इंजिन वरडलं की ती दचकून उठायची. म्हणून तुजे बाबा हळू हळू गेर टाकायचे. एक माणूस उठला तरी यांचा दिवस खराब."

मी सकाळच्या पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या बसमध्ये बसायचे, बाबा. परत येणारी बस मी कधी पाहिलीच नाही. मी विचारलं, "मग जीपमध्ये कोण झोपलेलं? मला का ओरडले?"

"सवय. माणसाची सवय काय गाडी बगून बदलते?" मग तिनं हात पुसले आणि मला खताची गोष्ट सांगितली. लग्नानंतर पहिल्या वर्षी तुम्ही सासुरवाडीला गेला होतात आणि जावईबापूंनी शेतात हात लावायचं ठरवलं. तिथलं शेत चढावर. शेणखताच्या पाट्या खालून वर न्यायच्या. "तुजे बाबा उंच. पाटी घेतली की ढांगा टाकत वर. मी ही एवडीशी. पाटी तेवडीच, डोईवर. मी तशा ढांगा टाकल्या असत्या तर दोन पावलांत कोसळले असते. चढावर बारकुड्यानं कसं जायचं? बारीक बारीक पावलं, आनि पटापटा. दम लागतो, धाप लागते, लागू दे. पन थांबायचं नाय. ते वर पोचायचे तवा मीबी पोचायची. दिस मावळेपर्यंत खत दोगांनी सारकंच वर नेलं. तुजी गाडी माज्यासारकी हाय, बाय. तू तिला बाबासारकी चालवतेस." मग पातेलं पुढे ओढून घेत म्हणाली, "तिला ओढ कमी हाय तर हाय. मला बहिणीची हाय ना? उद्या नऊला ये."

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय, बाबा. गिअरबॉक्स म्हणजे काय, हे एवढ्या कमी शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी चिरंजीवांना न सांगता आम्ही निघालो. आई या वेळी पुढच्या सीटवर, मांडीवर बिरड्याचा डबा. वळणावर देवळापाशी गाडी थांबवून रीतसर हात जोडायचे असं ठरलं होतं, पण त्याआधीच, त्याच चढावर, पुन्हा एक भरलेला ट्रक पुढे, आणि तो थांबला. मीही थांबले. हॅन्डब्रेक ओढला. मागे गाड्या लागल्या. आई पुढे बघत होती, माझ्याकडे मुळीच नाही. ट्रक हलला. मी पहिला टाकला आणि रेस दिली. काटा दोन हजार. तुमचा आवाज आला, खरंच आला, "रडवू नको." आणि शेजारून दुसरा आवाज आला, "बारीक पावलं, बाय. बारीक पावलं." मी रेस आणखी दाबली. तीन हजार. इंजिन ओरडायला लागलं. क्लच सोडला, हॅन्डब्रेक सोडला, आणि गाडी तसूभरही मागे न जाता वर निघाली. आई डब्यावर बोटांनी ताल धरून "पटापटा, पटापटा" म्हणत होती आणि मी मोठमोठ्यानं हसत होते. ट्रकच्या मागून वळण घेतलं, देवळापाशी थांबलो, हात जोडले, पुन्हा उचलली, पुन्हा ओरडली, पुन्हा वर. घाटमाथ्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. आईनं डबा उघडून बघितला. बिरडं सांडलं नव्हतं.

मावशीची खाट खिडकीला लावलेली आहे. तिनं गाडी ओळखली आवाजावरून. "कोन एवडं बोंबलत येतंय, मी बोलले," असं तिनं आमचं स्वागत केलं. आई तिच्या खाटेवर बसली आणि पुढचे तीन तास मी त्या घरात नसल्यासारखीच होते. दोघी भांडल्या. बिरड्यात कोकम कमी का, धाकट्या भाच्याच्या लग्नात कोण रुसलं होतं, आणि खताच्या पाट्या त्या वर्षी कुणी जास्त नेल्या. मावशीच्या मते तिनं, आणि जावईबापू तर निम्मा वेळ आंब्याखाली बसले होते. तुमची बाजू घ्यायला मी मधे पडले, तर दोघींनी मला चहा करायला पाठवलं. मी चहा घेऊन आले तेव्हा भांडण संपलं होतं. आईनं मावशीचा हात मांडीवर घेतला होता आणि दोघी बाहेर बघत होत्या. मला इतकं बरं वाटलं, बाबा, की मी कप घेऊन दारातच उभी राहिले, चहा गार होईपर्यंत.

दोघींचा फोटो मी चिरंजीवांना पाठवला. त्याचं उत्तर आलं, "टॅक्सी केलीस?" मी लिहिलं, "नाही. पहिल्या गिअरात." मग आलं, "पुढच्या गुरुवारी मीपण येतो. मागे बसेन." गिऱ्हाइकाचा विषय त्यानं पुन्हा काढलेला नाही. आता सहा गुरुवार झाले. मेकॅनिक मला बघितलं की दुरूनच विचारतो, "रोती है क्या, मैडम?"

हे सगळं तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी मी हे पान बाजूला काढून ठेवलं असतं. कारण घाटात मी तुमचं ऐकत नाही हे तुम्हाला एकवेळ पचलं असतं, पण पुढचं वाचून तुम्ही मला वेडी म्हणाला असतात. संध्याकाळी आईला माकुणसारला उतरवलं की केळव्याच्या बाजूनं पालघरला मी एकटीच येते. रस्ता सपाट असतो, उजेड असतो, घाई नसते. तेव्हा मी गाडी दुसऱ्यात उचलते. रेसला पाय लावत नाही. तीसच्या आत चौथा टाकते. गाडीला ते मुळीच सोसत नाही, ती कुरकुरते, गचके खाते, मागचे स्कूटरवाले हॉर्न देऊन पुढे जातात. चूक आहे हे मला समजतं. पण तेवढा वेळ तुम्ही शेजारी बसलेले असता. अशानं क्लचप्लेट लवकर जाईल, असं बोईसरचा मेकॅनिक म्हणतो. गेली तर बदलून घेईन.